मोटरसायकलसाठी इंजिन ऑइल निवडताना डबा कसा वाचावा

मोटरसायकलच्या इंजिन ऑइलचा विचार करताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते: बहुतेक मोटरसायकलींमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांना मिळून एकच तेल असते. मोटारीत सहसा तसे नसते. हाताने गिअर टाकायच्या मोटारीत क्लच बहुधा कोरडा असतो आणि गिअरबॉक्सचे तेल वेगळे असते, त्यामुळे तिच्या इंजिन ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये मोकळ्या हाताने घालता येतात. मोटरसायकलच्या तेलाकडून मात्र परस्परविरुद्ध अपेक्षा असतात. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये ते निसरडे हवे, क्लच प्लेटांवर मात्र त्याच निसरडेपणाला आवर हवा, आणि शिवाय गिअरच्या दात्यांमध्ये रगडले जाऊनही त्याचा दाटपणा टिकायला हवा. डब्यावरची अक्षरे आणि आकडे या तीन कामांविषयीच काहीतरी सांगत असतात. ती वाचता आली, तर कोणत्या ब्रँडचे तेल घ्यावे या प्रश्नाची धार पुष्कळ कमी होते.

दुकानात जाण्यापूर्वी गाडीचे मॅन्युअल उघडून चार नोंदी कागदावर उतरवून घ्याव्यात: दाटपणाचा ग्रेड, एपीआय (अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचा) दर्जा, जासो (जपानी वाहन मानक संस्थेचा) दर्जा आणि तेलाचे प्रमाण. प्रमाण बहुधा दोन प्रकारे दिलेले असते, फिल्टर बदलल्यास किती आणि न बदलल्यास किती, आणि या दोहोंतला फरक लहान दिसला तरी पातळी चुकवायला पुरेसा असतो. एकाच नावाच्या गाडीचे इंजिन वर्षागणिक बदललेले असू शकते, म्हणून मित्राच्या गाडीला जे चालते ते आपल्याही गाडीला चालेल असे गृहीत धरू नये.

ग्रेडच्या बाबतीत सर्वाधिक गैरसमज आहेत. १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० असे जे लिहिलेले असते, त्यातील डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याच्या इंग्रजी नावातले आहे. त्याच्या आधीचा आकडा थंड तेलाची वागणूक सांगतो. १०डब्ल्यू तेल इंजिन सुरू होण्याइतके पातळ राहते की नाही याची चाचणी उणे २५ अंश सेल्सिअसला घेतात, तर २०डब्ल्यू तेलाची उणे १५ अंशांना. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे तापलेल्या इंजिनात, तेल किती दाट असते ते दाखवतो. ३० ग्रेडचे तेल त्या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (दाटपणाचे एकक) या पट्ट्यात असते, ४० ग्रेडचे १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडचे १६.३ ते २१.९. ग्रेडचे हे आकडे अंश सेल्सिअस नव्हेत, आणि तेल तापल्यावर दाट होते असाही त्यांचा अर्थ नाही. कोणतेही तेल तापल्यावर पातळच होते. १०डब्ल्यू-५० हे १०डब्ल्यू-३० पेक्षा कमी पातळ होते, इतकेच.

याच कारणाने, आवाज वाढला की जाड तेल घालावे, हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला अर्धवट वाटतो. आजकालच्या बऱ्याच लहान इंजिनांतील फटी आणि तेलाच्या वाटा पातळ तेल गृहीत धरून आखलेल्या असतात. त्यांत २०डब्ल्यू-५० घातले तर सकाळी सुरू केल्यावर वरच्या भागापर्यंत तेल पोहोचायला वेळ लागतो, पिकअप जड होतो आणि ॲव्हरेज घसरते. उलट, मोठ्या फटींच्या जुन्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनात ३० ग्रेडचे तेल घातले, तर कडक उन्हात हळू चालणाऱ्या रहदारीत तेलाचा थर तुटू लागतो, टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज वाढतो आणि गिअर टाकताना खडखडतात. बऱ्याच मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानानुसार चालणाऱ्या ग्रेडचा तक्ता असतो. त्यात एकाहून अधिक पर्याय असतील, तर आपल्या हवामानाला जुळणारा पर्याय घ्यावा. तक्त्याबाहेर जाऊ नये. पिस्टनची रिंग झिजून निळा धूर येऊ लागलेल्या इंजिनात अधिक दाट तेल घातल्याने धूर थोडा कमी होतो हे खरे, पण त्याने रिंग दुरुस्त होत नाही.

आता क्लचकडे वळू. मोटारीच्या तेलांमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये वाढत गेली, तसतसे मोटरसायकलींचे क्लच घसरण्याच्या तक्रारींना कारण मिळाले, आणि चारस्ट्रोक मोटरसायकलींच्या तेलांसाठी जपानमध्ये १९९८ साली जासो टी ९०३ हे मानक आले. त्यात तेलाची क्लच प्लेटांवर चाचणी घेऊन एमए आणि एमबी असे दोन वर्ग केले आहेत, आणि २००६ च्या सुधारणेपासून एमएचे एमए१ व एमए२ असे पोटवर्ग आहेत. एमए२ वर क्लचची पकड सर्वाधिक, एमए१ वर त्याहून थोडी कमी, आणि एमबी हे कमी घर्षणाचे तेल. तेलात बुडालेला क्लच असलेल्या मोटरसायकलीत एमबी घालू नये. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, म्हणून तिथे एमबी योग्य ठरते आणि इंधनही थोडे वाचते. मात्र स्कूटरच्या मागच्या चाकाजवळील गिअरपेटीत वेगळे गिअर ऑइल असते आणि ते बदलायचे पुष्कळजण विसरतात. डब्यावर नुसते मोटरसायकलचे चित्र असून भागत नाही, जासोचा वर्ग स्पष्ट छापलेला असावा. चढावर किंवा मागे कोणी बसलेले असताना इंजिनाचे आवर्तन वाढते पण वेग वाढत नाही, असे तेल बदलल्यानंतर लगेच जाणवू लागले, तर क्लच प्लेटा बदलण्याआधी रिकामा डबा उचलून पुन्हा वाचावा.

एपीआय दर्जातील एस हे अक्षर पेट्रोल इंजिनांसाठी, आणि त्यापुढील अक्षर जितके वर्णमालेत पुढचे तितके मानक नवे: एसएल २००१ चे, एसएन २०१० चे, एसपी २०२० चे. मॅन्युअलमध्ये एसएल लिहिले असेल तर एसएन चालते, पण नवे ते उत्तमच हा नियम मोटरसायकलींना सरसकट लावता येत नाही. नव्या दर्जांत ३० आणि त्याहून पातळ ग्रेडच्या तेलांमधील फॉस्फरसवर मोटारींच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या उपकरणाच्या) हितासाठी मर्यादा घातलेली आहे, आणि झीज रोखणारे एक महत्त्वाचे द्रव्य फॉस्फरसयुक्तच असते. म्हणून मोटरसायकलींची अनेक चांगली तेले आजही जुन्या अक्षरांसह विकली जातात, आणि त्यात कमीपणा काही नाही. एपीआयच्या गोल चिन्हाच्या खालच्या कडेवर रिसोर्स कॉन्झर्व्हिंग (म्हणजे इंधन वाचवणारे, कमी घर्षणाचे) हे शब्द दिसले, तर ते तेल मोटारीसाठी ठेवावे.

मिनरल की सिंथेटिक, या वादाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते. सिंथेटिक तेल उष्णतेने लवकर बिघडत नाही, थंडीत चांगले वाहते आणि त्याचा दाटपणा टिकवायला पॉलिमर कमी लागतात. हे पॉलिमर गिअरच्या दात्यांमध्ये तुटतात आणि ५० ग्रेडचे तेल हळूहळू ४० सारखे वागू लागते. पूर्वी सहज पडणारे गिअर तेल संपत आले की अडखळू लागतात आणि न्यूट्रल लवकर सापडत नाही, त्यामागे बहुधा हेच असते. जास्त आवर्तनांवर चालणारे, तापणारे किंवा लांब पल्ल्यावर जाणारे इंजिन असेल तर सिंथेटिकचा खर्च सार्थकी लागतो. रोजच्या साध्या वापराच्या लहान इंजिनात मॅन्युअलने मिनरल सुचवले असेल, तर ते वेळेवर बदललेले मिनरल तेल दुप्पट काळ ताणलेल्या सिंथेटिकपेक्षा निश्चितच बरे. सिंथेटिकमुळे क्लच घसरतो ही समजूत चुकीची आहे. क्लच घसरतो तो घर्षण घटवणाऱ्या द्रव्यांमुळे, आणि एमए२ दर्जाची सिंथेटिक तेले भरपूर आहेत. वरून घालायच्या मॉलिब्डेनम किंवा टेफ्लॉनच्या बाटल्या याच कारणाने टाळाव्यात.

बदलण्याचा कालावधी मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि महिने अशा दोन्ही मापांत असतो आणि जे आधी भरेल ते लागू होते. गाडी केवळ दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी वापरली जात असेल, तर इंजिन पुरते तापत नाही, पेट्रोल व ओल तेलात साचत जाते आणि किलोमीटर कमी भरूनही तेल लवकर खराब होते. रंगावरून घाई करू नये. काळे पडलेले तेल बहुधा काजळी धरून ठेवण्याचे आपले काम करत असते. तेल दुधाळ दिसले मात्र तर त्यात पाणी शिरले आहे आणि कारण शोधल्याशिवाय गाडी चालवू नये.

डबा विकत घेताना झाकणाचे सील, आतील पत्रा, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख पाहावी. सुटे तेल स्वस्त पडले तरी घेऊ नये, कारण त्याचा ग्रेड पडताळून पाहण्याचा कोणताही मार्ग आपल्याकडे नसतो. वाटेत तेल कमी पडले तर त्याच ग्रेडचे आणि त्याच जासो वर्गाचे दुसऱ्या कंपनीचे तेल थोडे घालून घरी येता येते. पातळी किमान खुणेखाली ठेवून गाडी चालवण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. टूस्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर जळणारे तेल लागते, तिथे वरचे काहीच लागू नाही आणि एफसी किंवा एफडी हे जासो वर्ग शोधावेत.

तेल भरताना मॅन्युअलमधील मापापेक्षा थोडे कमी ओतावे, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, तितकाच वेळ थांबावे आणि गाडी सरळ उभी धरून पातळी तपासावी. डिपस्टिक पेच फिरवून बसवायची की नुसती टेकवून पाहायची, हे गाडीगणिक वेगळे असते आणि त्यावर पातळीचा अंदाज बराच बदलतो. कमाल खुणेच्या वर तेल गेले तर ते घुसळून फेसाळते आणि ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरपर्यंत पोहोचते, तेव्हा जादा झालेले तेल काढूनच टाकावे. निघालेले जुने तेल गटारात किंवा मातीत न ओतता त्याच रिकाम्या डब्यात भरून, जुने तेल गोळा करणाऱ्यांकडे पोहोचवावे.