मेल येणं बंद? आधी डिस्क बघा

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सोमवारी सकाळी फोन आला, "साहेब, शनिवारपासून एकपण मेल आला नाही. पुण्याच्या पार्टीची ऑर्डर अडकलीय." बाहेर जाणारे मेलही अडकलेले. सर्व्हर चालू, पिंग (सर्व्हर उत्तर देतोय का ते बघायची चाचणी) जातोय, इंटरनेट ठणठणीत.

पोस्टफिक्सच्या (मेल पाठवणारा-घेणारा सर्व्हर प्रोग्राम) लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, ४५२ हा एरर कोड आणि 'इन्सफिशंट सिस्टीम स्टोरेज' दिसलं की समजा, डिस्क भरली. मेसेज साइजच्या मर्यादेच्या दीडपट जागा मोकळी नसेल, तर पोस्टफिक्स नवा मेल घेतच नाही. मर्यादा ५० एमबी ठेवली असेल, तर ७५ एमबी तरी रिकामी हवी.

'डीएफ -एच' (डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारी कमांड) मध्ये जागा दिसतेय, तरी रडगाणं चालूच? मग 'डीएफ -आय' बघा. लाखो बारक्या फायलींनी आयनोड (प्रत्येक फाइलसाठी लागणारी डिस्कवरची नोंद) संपतात, आणि हे पटकन कुणाच्या ध्यानात येत नाही.

आमच्याकडं लॉगच ४० जीबीचा झाला होता. पोरानं घाईत तो डिलीट केला, तरी जागा काही सुटली नाही, कारण लॉग लिहिणाऱ्या सर्व्हिसनं फाइल उघडीच धरलेली. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली तेव्हा कुठं श्वास सुटला. त्यापेक्षा 'ट्रंकेट' कमांडनं फाइल शून्यावर आणलेली बरी.

तोवर मेलची रांग मात्र अजिबात पुसू नका! ४५२ हा तात्पुरता नकार आहे. समोरचा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स असेल तर सहसा ५ दिवस. पुण्याचा मेल दुपारच्या चहाआधी आला.