नोटॅम वाचताना तारखेकडे नीट बघा

कराडच्या धावपट्टीवरून खासगी विमान न्यायचं असेल तर आदल्या रात्री वाचलेले नोटॅम (वैमानिकांसाठीच्या तातडीच्या सूचना) निघण्याआधी परत उघडा. रात्रीतून नवे येतात, जुने रद्द होतात.

वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवायचे, हे सगळ्यांना पाठ असतं. खरी गोम तारखेत आहे. समजा 'बी' रकान्यात, म्हणजे सुरू व्हायच्या वेळेत, २५१११४२२३० दिसलं. म्हणजे १४ नोव्हेंबर २०२५, २२:३०. आपल्याकडे तेव्हा १५ तारखेचे पहाटेचे ४ वाजलेले! 'सी'मध्ये संपायची वेळ. तिच्यापुढे 'ईएसटी' असेल तर ती नुसती अंदाजाची. रद्द झाल्याचा किंवा बदली नोटॅम येईपर्यंत जुनाच लागू. 'डी' रकाना असलाच तर रोजच्या वेळा त्यात सापडतील.

नुसतं पुणे नि कोल्हापूर विमानतळाचं बघून भागत नाही. वाटेतल्या गोळीबाराच्या, तात्पुरत्या बंद हवाई क्षेत्रांच्या सूचना मुंबई एफआयआरच्या (मुंबईच्या अखत्यारीतल्या हवाई माहिती क्षेत्राच्या) नावे, व्हीएबीएफ या संकेताखाली निघतात. नोटॅम शोधताना नेमका तोच संकेत टाकायचा राहतो. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडून जाणार असाल तर अडथळ्यांवरचे दिवे बंद असल्याची सूचना आहे का, तेही बघा. एखादी ओळ कळली नाही तर अंदाज बांधत बसू नका, सरळ ब्रीफिंगवाल्यांना, म्हणजे उड्डाणाआधी माहिती देणाऱ्यांना, फोन लावा.