गिटहबवरून कोडबर्गवर कोड नेताना

सोलापुरी चादरीचं चित्र जकार्ड मागासाठी चौकड्यांत पाडून देणारं आमचं छोटं ओपन सोर्स टूल आहे, ते नुकतंच गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून कोडबर्ग या तशाच दुसऱ्या साइटवर नेलं. कोडबर्ग बर्लिनची ना-नफा संस्था चालवते आणि ती साइट फोर्जेजो या मुक्त सॉफ्टवेअरवर चालते, म्हणून ते निवडलं.

आधी गिटची (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची) 'गिट क्लोन --मिरर' ही कमांड मारून पूर्ण कॉपी पेनड्राइव्हवर घ्या, साधा क्लोन घेतलात तर बाकीच्या ब्रँच (कोडच्या समांतर शाखा) लोकल ब्रँच म्हणून येत नाहीत आणि मग पुश करताना (नव्या जागी चढवताना) त्या मागे राहतात. मोठ्या फायली एलएफएसमध्ये (मोठ्या फायली वेगळ्या ठेवायच्या गिटच्या सोयीत) असतील तर 'गिट एलएफएस फेच --ऑल' वेगळं चालवा, आमची डिझाइनं तशीच राहून गेली होती, जुनं रिपो (गिटहबवरचा कोडचा साठा) तसंच होतं म्हणून वाचलो!

खरी गोम इश्यूंची, म्हणजे साइटवर लिहिलेल्या अडचणी-सूचनांच्या नोंदींची आहे. ते गिटमध्ये नसतातच, त्यामुळे पुश करून येत नाहीत. कारागिरांनी सांगितलेल्या अडचणी, त्यावरची चर्चा, सगळं तिथेच असतं आणि माझ्या मते कोडपेक्षा तेच जपायला हवं. म्हणून कोडबर्गची मायग्रेशन (स्थलांतर) ही सोय वापरा, गिटहबचं टोकन (पासवर्डसारखी किल्ली) द्या आणि इश्यू, लेबल, पुल रिक्वेस्ट (इतरांनी सुचवलेले कोडमधले बदल), रिलीज सगळ्यावर टिक करा.

सीआयचे (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेचे) पासवर्ड, सीक्रेट काही येत नाहीत, ते हाताने भरा.

शेवटी जुन्या रिपोच्या रीडमीत (माहितीच्या फाइलीत) नवा पत्ता टाका आणि मगच रिपो अर्काइव्ह करा, कारण नंतर ते फक्त वाचता येतं. सोबतच्यांना 'गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन' आणि पुढे नवा पत्ता, एवढं पाठवलं की झालं.