करडईवर ठिपक्यांचे भुंगेरे दिसले, तर लगेच पंप उचलू नका

डिसेंबर-जानेवारीत आभाळ आलं की करडईच्या शेंड्यांवर काळा मावा चढतो आणि त्याच्या मागोमाग त्याला खाणारे लाल-केशरी ढालकिडे (लेडीबर्ड भुंगेरे) येतात. गेल्या हंगामात आमच्या शिवारातल्या एकाने मोबाईलवर फिरणारा ‘विदेशी किड्या’चा फोटो पाहिला, शेतातले भुंगेरे तेच समजला आणि दोन एकर करडई फवारून काढली. मेले ते आपलेच ढालकिडे. दहा-बारा दिवसांत मावा पुन्हा शेंड्याला, या वेळी त्याला खाणारं कुणी नव्हतं.

फोटोतला किडा मात्र खरा होता. हार्लेक्विन ढालकिडा मूळचा चीन, जपान, कोरियाकडचा. मावा खाईल म्हणून माणसानेच तो अमेरिकेत आणि युरोपात नेऊन सोडला. 1988 मध्ये अमेरिकेतल्या लुईझियानात त्याने बस्तान बसवल्याचं दिसलं, 2004 मध्ये तो ब्रिटनमध्ये पोचला. मावा कमी पडला की तो तिथल्या ढालकिड्यांची अंडी-अळ्या खातो. थंडीत शेकड्यांनी घरात शिरतो, द्राक्षाच्या घडात राहिला तर वाइनची चव नासवतो. गंमत अशी, की आपल्याकडे दिसणारा सात ठिपक्यांचा ढालकिडा अमेरिकेत असाच मुद्दाम नेलेला, आणि तिथे तोही परका म्हणूनच पसरला.

ओळखायचं कसं? हार्लेक्विन 5 ते 8 मिलिमीटरचा. रंग पिवळसर केशरीपासून पार काळ्यापर्यंत, ठिपके कधी एकही नाही, कधी वीसच्या आसपास. त्यामुळे ठिपके मोजत बसू नका. डोक्यामागची पांढरी ढाल बघा, तिच्यावर बहुतेक वेळा इंग्रजी ‘एम’सारखी काळी खूण असते. पाय तांबूस. आपल्याकडे नेहमी दिसतो तो बारका, पाठीवर नागमोडी काळ्या रेघांचा. तो घरचाच.

सगळ्यात जास्त मार खाते ती ढालकिड्याची अळी. काळी-करडी, केशरी ठिपक्यांची, मगरीच्या पिल्लासारखी; बघणाऱ्याला हीच कीड वाटते. पूर्ण वाढेपर्यंत ती शेकड्यांनी मावा खाते. पानामागे पिवळ्या, उभ्या अंड्यांचा झुबका दिसला तर तोही तसाच राहू द्या.

करडईवर मावा आधी बांधाकडच्या ओळींवर येतो. आठवड्यातून दोनदा कडेने चक्कर मारा. ढालकिडे आणि अळ्या भरपूर असतील तर तीन-चार दिवस थांबा. मावा वाढतच राहिला तर आधी कडेच्या पट्ट्यावर 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. त्यानेही भागलं नाही तरच रासायनिक औषध, तेही करडईसाठी लेबलवर असलेलं आणि संध्याकाळी. फुलोऱ्यात मधमाश्या असतात, तेव्हा विशेष जपा.

वांग्यावर मात्र उलटा हिशोब. मळकट तांबूस, बारीक लव असलेला, पुष्कळ ठिपक्यांचा भुंगेरा पान खरवडून जाळी करतो. तो ढालकिड्यांच्याच भावकीतला, पण पीक खाणारा. त्याच्या पिवळ्या काटेरी अळ्या आणि अंडी पानासकट तोडून रॉकेलच्या पाण्यात टाका.

सीताफळाच्या बागेत आणखी एक घोळ होतो. पिठ्या ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळी हुबेहूब पिठ्यासारखी पांढरी असते. हा 1898 मध्ये ऑस्ट्रेलियाकडून भारतात आणलेला. काडीने डिवचा: झपझप चालली, अंगावर मेणाचे लांब धागे असले, तर ती राखणदार आहे. पिठ्या जागचा फारसा हलत नाही.

अनोळखी भुंगेरा सापडलाच तर पाठीचा आणि समोरून ढालीचा असे दोन फोटो काढा, एक-दोन किडे काडेपेटीत ठेवा आणि कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात दाखवा. कुठल्या पिकावर, कोणत्या तारखेला सापडला, तेही चिठ्ठीवर लिहून द्या.