उन्हाळ्याची बॅच: ब्रॉयलरच्या वाढीचा वेग आणि शेडची मर्यादा

उन्हाळ्याची बॅच टाकण्यापूर्वी पोल्ट्रीधारकांनी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. आजच्या ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या कोंबडीच्या, पिल्लात वाढीची कुवत भरपूर आहे. उन्हाळ्यात अपुरी पडते ती अंगातली उष्णता बाहेर टाकण्याची कुवत, आणि हंगामाचे नियोजन तिच्यावरच बेतायला हवे.

वाढीची कुवत किती बदलली हे कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या एका तुलनेत दिसले. पुढे पैदाशीसाठी निवड न करता जसेच्या तसे जपलेले १९५७ आणि १९७८ चे कळप आणि २००५ चा व्यापारी वाण तिथे एकाच खाद्यावर वाढवले गेले. ५६व्या दिवशी सरासरी वजने अनुक्रमे ९०५, १८०८ आणि ४२०२ ग्रॅम भरली. खाद्य तेच होते, त्यामुळे हा फरक पैदाशीचा. छातीचे मांसही याच काळात खूप वाढले. हृदय आणि फुफ्फुसे मात्र त्या प्रमाणात वाढली नाहीत. जलोदर (पोटात पाणी साचणे), धडधाकट पक्षी अचानक दगावणे, पायांची व्यंगे, छातीचे मांस लाकडासारखे कडक होणे, हे त्रास वेगवान वाढीशी जोडलेले आहेत. पैदासकारही आता केवळ वजनावर निवड करत नाहीत. पायांची हाडे क्ष-किरणांनी तपासणे आणि रक्तातील ऑक्सिजन मोजणे ही कामे मूळ कळपांत, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे व्यापारी पिल्ले तयार होतात त्या कळपांत, अनेक वर्षे चालू आहेत.

मग ही वाढ अशीच चालू राहील का? खाद्य रूपांतराचा, म्हणजे एक किलो वजनासाठी किती किलो खाद्य लागते या एफसीआरचा, हिशेब पाहा. कोंबडीच्या शरीरात साधारण दोन तृतीयांश पाणी असते, तर खाद्यात जेमतेम १०-१२ टक्के. म्हणूनच दीड किलो खाद्यात एक किलो वजन मिळू शकते. पण श्वास, रक्ताभिसरण, शरीराचे तापमान, हालचाल यांसाठी ऊर्जा लागतेच, तिथे कितीही निवड केली तरी खर्च शून्य होत नाही. शिवाय व्यापारी कळपांत जुन्या जातींमधील बरीच जनुकीय विविधता उरलेली नाही. रोग किंवा हवामान बदलले, तर निवडायला लागणारा कच्चा माल त्या विविधतेतूनच यायचा असतो. जुन्या आणि स्थानिक जाती जपणे म्हणूनच फार मोलाचे आहे.

नवा वाण आणला की उन्हाळ्याचा प्रश्न सुटेल, या आशेवर राहू नये. मूळ कळपांची निवड बहुतांशी उत्तम नियंत्रित शेडमध्ये होते आणि तिथली सुधारणा आपल्या पिल्लापर्यंत पोहोचायला साधारण चार वर्षे जातात. उघड्या मानेचे जनुक उष्णतेत खरोखर उपयोगी आहे. त्याची एक प्रत असली तर पिसे सुमारे २० टक्क्यांनी कमी होतात, दोन असल्या तर सुमारे ४० टक्क्यांनी. पण मुख्य वेगवान वाणांत ते सर्रास मिळत नाही. बॅचमधले दांडगे नर-मादी ठेवून स्वतः पैदास करण्याचा मोहही टाळावा. व्यापारी पिल्लू तीन-चार वेगळ्या वंशांच्या संकरातून आलेले असते. त्याच्या पुढच्या पिढीत वजनाचा एकसारखेपणा टिकत नाही.

आता शेडकडे. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात आणि तिचे शरीर ४१ अंशांच्या आसपास असते. पक्षी जितका जास्त खातो, तितकी पचनाची उष्णता जास्त. त्यामुळे ऐन वाढीतला, वजनदार पक्षीच आधी धापा टाकतो. धापांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त अल्कधर्मी होते आणि भूक मंदावते. एक चौरस फुटाला एक पक्षी ठेवत असाल तर या हंगामात निदान सव्वा चौरस फूट जागा द्यावी. दुपारच्या कडक उष्णतेच्या चार-सहा तास आधी खाद्य उचलावे आणि ऊन उतरल्यावर द्यावे. देताना आधी सगळी भांडी भरून मगच एकदम खाली सोडावीत, नाहीतर पक्षी एकमेकांवर चढून ओरखडे पडतात आणि चेंगरून मरतात. रात्री गारव्यात खाता यावे म्हणून काही तास उजेड ठेवावा, पण सलग चार तासांचा अंधारही हवाच. पायांना आणि हृदयाला तो मानवतो.

पाण्याची टाकी व पाइप सावलीत असावेत. निप्पलची (चोचीने दाबून पाणी पिण्याच्या तोट्यांची) नळी दुपारी मोकळी सोडून तापलेले पाणी काढून टाकावे. गरम पाणी पक्षी पीत नाही, आणि पाणी न पिणारा पक्षी खातही नाही. इलेक्ट्रोलाइट (पाण्यातून द्यायचे क्षार) आणि क जीवनसत्त्व उष्णतेचा कडाका येण्याआधी सुरू करावे. खाद्यात नुसती प्रथिने वाढवल्यास उष्णता वाढते. लायसिन व मेथिओनिन या अमिनो आम्लांचा (प्रथिनांच्या घटकांचा) समतोल साधून ऊर्जेचा काही भाग तेलातून द्यावा.

पंखे आधी, फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारी यंत्रे) नंतर. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की फॉगर बंद करावेत, कारण धापांतून होणारे बाष्पीभवनच तेव्हा मंदावते. दुपारी शेडमधून सावकाश एक फेरी मारून पक्षी उठवावेत, त्यांच्या पोटाखाली साचलेली उष्णता निघून जाते. लस आणि पकडणी पहाटे किंवा रात्रीच करावी. पहिल्या आठवड्यात मात्र पिल्लांना ३२-३४ अंश लागतात, उन्हाळा आहे म्हणून रात्रीचे ब्रूडिंग (पिल्लांना ऊब देणे) सोडू नये.

वजनाचे लक्ष्य कंपनीच्या तक्त्यावरून जसेच्या तसे घेऊ नये. चौथ्या आठवड्यापासून दर तीन-चार दिवसांनी नमुना वजन करावे. वाढ मंदावली आणि मरतुक वाढू लागली, तर तक्त्यातले वजन गाठण्यासाठी न थांबता हलक्या वजनावर पक्षी काढावेत. प्रत्येक बॅचला शेडचे दुपारचे तापमान, आर्द्रता, मरतुकीचा दिवस व वेळ आणि एफसीआर लिहून ठेवावा. पुढच्या वेळी वाण निवडताना हॅचरीला (पिल्ले पुरवणाऱ्या उबवणी केंद्राला) उन्हाळी बॅचचेच आकडे मागावेत आणि आपल्या नोंदीशी ताडून पाहावेत.