घरच्या वर्कशॉपमध्ये डस्ट कलेक्टर बसवताना

टेबल सॉखाली जमलेला भुशाचा ढीग डोळ्यांना दिसतो, झाडूने निघतो आणि फुप्फुसापर्यंत फारसा पोचत नाही. पोचते ती 10 मायक्रॉनहून बारीक धूळ. मशीन बंद झाल्यावरही ती बराच वेळ हवेत तरंगत असते आणि उजेडाची तिरीप पडेपर्यंत दिसत नाही. आयएआरसी या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1995च्या अहवालात लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे. लाकडाचे तंतू डिंकाने दाबून केलेल्या एमडीएफ फळीच्या धुळीत डिंकही मिसळलेला असतो. म्हणून डस्ट कलेक्टर, म्हणजे मशीनची धूळ पंख्याने ओढून फिल्टरमधून गाळणारं यंत्र, बसवायचा तो जमीन स्वच्छ ठेवायला नाही, हवा स्वच्छ ठेवायला. हे एकदा मनात पक्कं झालं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करू. व्हॅक्यूम क्लीनरची ओढ जोरदार असते, पण तो हवा थोडी ओढतो. डस्ट कलेक्टरची ओढ सौम्य, पण हवा भरपूर. त्यामुळे सँडर, हँड राउटर, जिगसॉ यांच्या 32-35 मिमीच्या तोंडाला व्हॅक्यूमच हवा. तिथे कलेक्टर लावला तर बारीक नळीतून हवा जवळजवळ येतच नाही. टेबल सॉ, थिकनेसर (फळी रंधून जाडी सारखी करणारं मशीन), बँडसॉ यांना मात्र 100 मिमीचं तोंड आणि कलेक्टर. घरच्या कामाला दोन्ही लागतात. एकच घेणं परवडत असेल आणि बरंचसं काम सँडिंगचं असेल, तर आधी व्हॅक्यूम घ्या.

घरगुती कलेक्टर साधारण 1 ते 2 एचपीचे मिळतात. डब्यावर छापलेला सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा, त्याचा) आकडा पाइप आणि फिल्टर न लावता मोजलेला असतो. पाइप जोडले की प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास हवा मिळेल असं धरून चाला. ढलप्या पाइपात न साचता पुढे सरकायच्या तर हवेचा वेग सेकंदाला सुमारे 20 मीटर लागतो. 110 मिमीच्या पाइपात एवढा वेग यायला मिनिटाला साधारण 360 घनफूट हवा वाहायला हवी.

पाइप म्हणून प्लंबिंगच्या दुकानातला 110 मिमीचा एसडब्ल्यूआर (सांडपाण्याच्या लाइनीचा) पीव्हीसी उत्तम: सहज मिळतो आणि आतून गुळगुळीत असतो. 110 हा बाहेरचा व्यास. आतला साधारण 104. कलेक्टरचं 100 मिमीचं तोंड त्यात सैल बसतं, तेव्हा तोंडाला फोम टेपचे वेढे देऊन मगच पाइप चढवा. रबर रिंगचे पाइप घेतले तर सांधा डिंकाशिवाय हवाबंद होतो आणि पाइप तुंबला की उघडताही येतो. सॉल्व्हंट सिमेंट लावून सगळं कायमचं चिकटवू नका. पाइपाचं साधं टोक पुढच्या पाइपाच्या रुंद तोंडात, हवेच्या दिशेने शिरलं पाहिजे, सांडपाण्याच्या लाइनीत असतं तसंच. उलटं बसवलं तर आतल्या कडेला ढलप्या अडकतात.

बेंडच्या बाबतीत कंजुषी करू नका. 87.5 अंशांच्या एका बेंडऐवजी 45 अंशांचे दोन घ्या आणि मध्ये वीतभर सरळ तुकडा ठेवा. फाटा काढायचा तो तिरक्या फाट्याच्या वाय फिटिंगने, फाट्याचा कल कलेक्टरकडे ठेवून. काटकोनी टी वापरली की हवा समोरच्या भिंतीवर आदळते आणि भुसा तिथेच बसतो. वळ्यांची लवचिक नळी सरळ पाइपापेक्षा कितीतरी जास्त अडथळा करते, म्हणून ती फक्त मशीनजवळ आणि एक मीटरच्या आत.

पाइप मोठा तितका चांगला, असं अनेकांना वाटतं. 160 मिमीच्या मुख्य पाइपाला 110चा एकच फाटा उघडा असेल, तर मोठ्या पाइपात वेग निम्म्याखाली, सेकंदाला 9 मीटरच्या आसपास येतो. बारीक धूळ जाते, पण थिकनेसरच्या ढलप्या आडव्या पाइपाच्या तळाशी बसतात आणि काही दिवसांत अर्धा पाइप भरतो. 10 बाय 14 फुटांच्या खोलीत, एका वेळी एकच मशीन चालत असेल, तर शेवटपर्यंत 110च ठेवा. अशा खोलीत कोपऱ्यात कलेक्टर आणि तीन मशीन धरली तर साधारण एवढं सामान लागतं: 3 मीटरचे तीन पाइप, दोन वाय, 45 अंशांचे सहा बेंड, प्रत्येक मशीनचा फाटा बंद-उघड करायला तीन झडपा, 3 मीटर लवचिक नळी, सहा होज क्लिपा आणि दर सव्वा मीटरला एक पाइप क्लॅम्प.

झडपा घरीच होतात. 12 मिमी प्लायच्या दोन फळ्यांना 104 मिमीचं भोक पाडा आणि मध्ये 4 मिमीची सरकती अ‍ॅक्रिलिक पट्टी ठेवा. पट्टीच्या खाचेचं पुढचं टोक मात्र बंद करू नका. बंद केलं तर तिथे भुसा घट्ट बसतो आणि झडप पूर्ण मिटत नाही. उघडं असलं तर पट्टीच तो बाहेर ढकलते. चालू मशीनची सोडून बाकीच्या झडपा बंद ठेवायच्या.

आता खरा कस लागतो तो मशीनच्या तोंडाशी. धूळ पात्यापाशी पकडली नाही तर पुढे कितीही एचपी असली तरी ती नाकात जाणारच. टेबल सॉचा तळ प्लायने बंद करा, आतून 45 अंशांच्या उतरत्या फळ्या लावा आणि सर्वांत खालच्या जागी 100 मिमीचं तोंड काढा. पण पूर्ण हवाबंद करू नका. आत हवा शिरायला वाट नसेल तर ओढ उरत नाही. एवढं केल्यावरही एमडीएफची कड छाटताना धूळ वरून उडतेच, कारण पात्याची एक बाजू उघडी असते. त्यासाठी ब्लेड गार्डवर वेगळी नळी घ्या. मायटर सॉ (फळी आडवी, हव्या त्या कोनात कापणारी करवत) सर्वांत हट्टी: मागे तिन्ही बाजूंनी बंद, पुरेसं रुंद खोकं उभारून त्याच्या तळाशी नळी जोडा.

मशीन आणि कलेक्टर यांच्यामध्ये झाकणाचा ड्रम किंवा सायक्लोन (हवा गोल फिरवून भुसा वेगळा करणारं नरसाळं) ठेवला की जाड भुसा आणि चुकून आलेला स्क्रू पंख्याआधीच खाली पडतो. ड्रमला कुठेही फट नको. तळातून हवा आत आली की पडलेला भुसा पुन्हा उडून फिल्टरमध्ये जातो. ड्रम दोन-तृतीयांश भरला की रिकामा करा. व्हॅक्यूमला रंगाची 20 लिटरची बादली जोडत असाल तर आतून प्लायची कडी बसवा, नाहीतर नळी तुंबताच बादली आत चेपते.

कलेक्टरसोबत येणारी साधी कापडी पिशवी बहुधा 30 मायक्रॉनची असते. ती भुसा धरते आणि घातक बारीक धूळ खोलीभर पसरवते. ती बदलून 1 मायक्रॉनची पिशवी किंवा प्लीटेड कार्ट्रिज (चुण्यांचा गोल फिल्टर) लावाच. या खर्चात काटकसर करू नये. स्वतंत्र घर असेल आणि शेजाऱ्यांना त्रास होणार नसेल, तर हवा भिंतीतून बाहेर सोडणं सर्वांत चांगलं. थंड देशांत त्याने खोलीतली ऊब जाते. आपल्याकडे ती अडचण नाही. मात्र समोरची खिडकी उघडी हवी. त्याच जागेत गॅस गिझर असेल तर हा मार्ग सोडा, कारण ओढीमुळे त्याचा धूर उलटा घरात येऊ शकतो.

2 एचपीची मोटर चालू होताना खूप जास्त करंट ओढते. तिला 16 अँपिअरचा सॉकेट, 2.5 चौ.मिमी तांब्याची वायर, सुरुवातीच्या जादा करंटला लगेच न पडणारा सी-कर्व्ह एमसीबी आणि चांगलं अर्थिंग द्या. सॉ आणि कलेक्टर एकाच सर्किटवर नकोत. ग्राइंडरच्या ठिणग्या या लाइनीत कधीही ओढू नका. भुशात शिरलेला निखारा तासन्‌तास धुमसतो.

जोडणी झाली की भुसा यायच्या आधी, पाइप कोरे असताना, प्रत्येक सांध्याजवळ उदबत्तीचा धूर धरा. धूर आत वळला की तिथे गळती आहे. एकदा भुसा गेला की मग उदबत्ती नाही, टिश्यूची बारीक पट्टी वापरा. नंतर अंधारात दहा मिनिटं काम करून टॉर्चचा झोत आडवा टाका. तरंगणारे कण कुठून येतात ते लगेच कळतं. दिसले तर आधी मशीनचं तोंड सुधारा, मोठी मोटर नंतर.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, भुसा ओल धरून फिल्टरला लगदा होऊन चिकटतो आणि त्याला बुरशी येते. तेव्हा दिवसाचं काम संपताच ड्रम रिकामा करा आणि फिल्टर बाहेर नेऊन हलक्या हाताने झटका. झटकताना एन95 मास्क लावा. सगळ्यात बारीक धूळ त्यातच साठलेली असते.