आजीच्या कपाटातली विलायती बशी किती जुनी? मागचा शिक्का असा वाचा

जुनं घर आवरताना निळ्या नक्षीची एखादी विलायती बशी निघतेच, नाहीतर मुंबईत चोरबाजारात बघायला मिळते. नक्षी नंतर बघा, आधी ती उलटी करा.

पहिलं म्हणजे गावाचं नाव शोधा. बर्स्लेम, हॅन्ली, टन्स्टॉल, फेंटन, लाँगटन किंवा स्टोक दिसलं की माल इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरचा. ही सहा गावं १९१० मध्ये एकत्र करून स्टोक-ऑन-ट्रेंट झालं. तिथे माती आणि कोळसा दोन्ही जमिनीतच, आणि भट्टीला मातीपेक्षा कोळसा कितीतरी जास्त लागायचा, त्यामुळे पांढरी माती पार कॉर्नवॉलहून आणावी लागायला लागली तरी धंदा तिथून हलला नाही, आणि १७७७ ला कालवा पूर्ण झाल्यावर तर नाजूक माल खड्ड्यांच्या रस्त्याऐवजी बोटीने थेट बंदराकडे जायला लागला. आपल्याकडे माल आला तो असा.

आता साल. शिक्क्यात चौकटच्या पत्त्यासारखी खूण आणि तिच्या कोपऱ्यांत अक्षरं-आकडे असतील तर डिझाइनची नोंद १८४२ ते १८८३ मधली. १८८४ पासून ती खूण जाऊन नुसता 'आरडी नंबर' (Rd No, म्हणजे डिझाइनचा नोंदणी क्रमांक) आला, तो साडेतीन लाखांच्या वर असेल तर नोंद साधारण १९०० नंतरची. नुसतं 'इंग्लंड' लिहिलंय? मग बहुतेक १८९१ नंतरची, कारण अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. 'मेड इन इंग्लंड' म्हणजे सहसा विसावं शतक. आणि राजमुकुट, सिंह वगैरे बघून हुरळून जाऊ नका, ते चिन्ह तेव्हा वाट्टेल तो कारखाना छापायचा.

विक्रेता 'वेजवुड' या नामांकित कारखान्याची बशी म्हणून भाव वाढवत असेल तर नीट वाचा. पुढे 'अँड कंपनी' असेल तर तो १७५९ ला धंदा सुरू करणाऱ्या जोसाया वेजवुडचा कारखाना नव्हे, टन्स्टॉलचा वेगळाच. यात भलेभले फसतात.

मग बशी उजेडात धरा आणि मागे बोटं हलवा. सावली दिसली तर बोन चायना असू शकते, त्यात खरोखर गुरांच्या हाडांची राख असते, जवळजवळ निम्मी. (शुद्ध शाकाहारी घरांत ही माहिती जरा जपून सांगा.) काहीच दिसलं नाही तर साधी चिनीमाती. कडेची नक्षी कुठेतरी नीट जुळत नसेल तर तो दोष समजू नका, नक्षी कागदावर छापून हाताने चिकटवायचे, तो कागदाचा जोड आहे.

कधी तिकडे गेलात तर लाँगटनचं ग्लॅडस्टोन पॉटरी म्युझियम बघा, बाटलीच्या आकाराच्या भट्ट्या तिथे उभ्या आहेत. १९५६ च्या धूरबंदी कायद्यानंतर त्या विझत गेल्या, १९७८ मध्ये फक्त आठवण म्हणून एकदा शेवटची पेटवली होती.

आणि हो, झिलईला बारीक तडे गेलेल्या जुन्या बशीत लोणचं, चिंचेची चटणी ठेवू नका, जुन्या झिलईत शिसं असायचं. भिंतीवर लावा खुशाल.